जावयाच्या मानाची चिठ्ठी

साईनाथकडे बटणांचा फोन का, याची दोन उत्तरं होती. सासुरवाडीला, म्हणजे वाघोलीला सांगायचं उत्तर असं की डोळ्यांना त्रास होतो. मंडईजवळच्या चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाचेच डोळे बिघडावेत, हे सासरच्या मंडळींना अजिबात विचित्र वाटलं नाही. हलवाई कुठं पेढा खातो, असं सासूबाई सोजरबाई म्हणाल्या आणि विषय मिटला.

दुसरं उत्तर खरं होतं आणि ते फार थोड्या लोकांना माहीत होतं. साईनाथचा मोठा फोन त्याच्या बायकोनं, निकितानं, सात महिन्यांपूर्वी काढून घेतला होता. ती वाघोलीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती आणि फोन तिथल्या तिच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता. साईनाथचा पगार दुकानाचे मालक रियाजशेठ परस्पर निकिताच्या खात्यात टाकत. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मते पुण्यातल्या निम्म्या नवऱ्यांच्या बाबतीत हे आधीच व्हायला हवं होतं.

सुरुवात रमीनं झाली. मग क्रिकेटच्या टीम लावणं आलं. मग काहीही. परदेशातल्या कुठल्याशा टेनिसपटू बाई पुढचा गेम जिंकतील का, यावर साईनाथनं कसबा पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या संडासात बसून पैसे लावले होते, आणि टेनिसमध्ये गुण पंधरा-पंधरानं का वाढतात हे त्याला आजही माहीत नव्हतं. मागच्या वर्षी सरकारनं पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद केले. त्या दिवशी निकितानं शिरा केला. तोवर तिला आकडा माहीत नव्हता, सवय तेवढी माहीत होती. साईनाथनंही शिरा खाल्ला आणि खरोखर हलकं वाटलं असं तो म्हणाला. आठ दिवसांत त्याला कुणीतरी एक लिंक पाठवली. ती लिंक ज्या बेटावरून चालत होती, तिथे आपल्या सरकारचा कायदा लागू नव्हता.

पुढे एका लग्नाला जायचं म्हणून निकितानं बांगड्यांचा डबा काढला. डबा जागेवर होता.

सगळं मिळून चौदा लाख निघाले. त्यात बारावीतल्या मुलीच्या, संस्कृतीच्या, पुढच्या शिक्षणाचे पैसे होते. निकिता आरडाओरडा करेल असं साईनाथला वाटलं होतं. तिनं कुकर लावला, फोन मागून घेतला आणि सांगितलं की यापुढे एकदा जरी खेळलात, तर मी आणि संस्कृती वाघोलीला जाऊ आणि का आलो ते तिथे सगळ्यांना सांगू. साईनाथला जाण्याची जास्त भीती वाटली की सांगण्याची, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुधा सांगण्याची. कारण निकितालाही तेच कठीण होतं. म्हणून तर डोळ्यांचा त्रास शोधून काढला होता.

तेव्हापासून दर शनिवारी पाच वाजता साईनाथ नाना पेठेतल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर जात असे. तिथे उम्मेहानी मॅडम आठ-दहा माणसांना गोलात बसवत. त्या गॅस एजन्सीत फॉर्म भरून घेतल्यासारखं बोलत. दया नाही, रागही नाही, पुढचा कॉलम. प्रत्येकानं उठून म्हणायचं, 'मला जुगाराचं व्यसन आहे,' आणि शेवटचं खेळल्याला किती दिवस झाले तो आकडा सांगायचा. पहिल्या शनिवारी साईनाथनं ते वाक्य अशा आवाजात म्हटलं की शेजारच्या गृहस्थांनी त्याला पाणी दिलं. हळूहळू जमायला लागलं. तो आजार आहे, मेंदूला त्याची चटक लागते आणि जिंकण्यापेक्षा निकाल लागायच्या आधीचे चार सेकंद माणसाला हवे असतात, हे त्याला तिथे कळलं. ते चार सेकंद त्याला अचूक ओळखू आले. कुणीतरी आपल्या घरात राहून गेल्यासारखं वाटलं.

नियम साधे होते. निकाल आपल्या हातात नाही आणि काहीतरी मिळणार आहे, अशा कशातही पडायचं नाही. लॉटरी नाही, गणपतीतला हौजी नाही, चहाची पैजसुद्धा नाही. आणि व्यसन लपवायचं नाही.

"बाहेर कुणाला सांगितलंत?" मॅडम दर शनिवारी विचारत.

"बायकोला."

"तुम्ही नाही सांगितलंत. त्यांनी शोधून काढलं. अजून कुणाला?"

अजून कुणाला नाही. मॅडम वहीत काहीतरी लिहीत आणि पुढच्या माणसाकडे वळत.

दिवस मात्र साठत गेले. पन्नास झाले, शंभर झाले. एकशे त्र्याण्णवाव्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला.

सासरे म्हणजे सर्जेराव. वाघोलीतल्या जमिनीचा मोठा तुकडा त्यांनी बिल्डरला दिला होता आणि तीन एकर ठेवली होती. ती आता दोन टॉवरच्या मध्ये होती, त्यामुळे तिथल्या ज्वारीला ऊन दुपारी बारा ते दोन एवढंच मिळे. पैसा आला तरी सर्जेरावांनी रीत सोडली नव्हती. यंदा ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना आणि धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. एरवी तीन वर्षं तो कोण असतो, याची चौकशी कुणी करत नाही.

सर्जेरावांनी सांगितलं की जूनच्या पहिल्या रविवारी धोंडे जेवायला यायचं आणि या खेपेला वाण म्हणून आपण वेगळं काही योजलं आहे. त्यांची भिशी होती, नात्यातल्या वीस माणसांची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी पाच-पाच हजार जमवायचे आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं लाखभर रुपये उचलायचे. जुनी भिशी संपून नवी त्याच रविवारी सुरू होत होती. तिच्यात सर्जेरावांनी जावयाचं नाव घातलं होतं. हप्ते सासऱ्यांनी भरायचे, चिठ्ठी निघेल तेव्हा पैसे जावयानं न्यायचे. टॉवेल-टोपी सगळेच देतात.

साईनाथनं फोन निकिताच्या हातात दिला. तिनं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. माहेरच्या माणसांनी काही दिलं की तिचे डोळे भरत, आणि ती ते मिरचीवर ढकलत असे. समोर मिरची नसली तरी.

भिशी चालते का, हा प्रश्न साईनाथनं विचारला, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. निकिता म्हणाली की भिशी काय जुगार आहे? ती बचत आहे. आईनं भिशीवर आमची लग्नं केली, गोठा बांधला, आण्णांचं मूळव्याधीचं ऑपरेशन केलं. तुम्ही फक्त जेवायला यायचं. हे सगळं खरंच होतं. साईनाथनं मान डोलावली आणि शनिवारी मॅडमना विचारू असं ठरवलं.

शनिवारी त्यानं विचारलं नाही. विचारलं तर त्या नको म्हणतील, असं त्याला वाटलं. आणि त्या नको म्हणतील असं वाटणं, हेच उत्तर होतं, हेही त्याला त्याच क्षणी समजलं. सात महिन्यांच्या उपचारांचा एवढा फायदा झाला होता की माणूस आता समजून-उमजून गप्प बसत होता.

मग ते सुरू झालं. वीस चिठ्ठ्या, त्यातली एक आपली. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायचा, "पहिलं बरं दिसतंय, की दुसरं?" असं विचारायचा, आणि मनात म्हणायचा, दुसरं म्हणाला तर पहिल्याच महिन्यात निघेल. बसचा नंबर वीसनं भागून बघायचा. लाखातून संस्कृतीची पहिल्या वर्षाची फी भरायची, उरलेल्यात एक बांगडी. हिशेब चांगला होता. हिशेब नेहमीच चांगला असायचा. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला एखाद्या रविवारची ओढ लागली. निकिताला तो खुशीत दिसला आणि तिनं त्याचं श्रेय धोंड्यांच्या जेवणाला दिलं.

शनिवारी गोलात उठून त्यानं दोनशे तेरा हा आकडा सांगितला. टाळ्या वाजल्या.

रविवारी तो दोनशे चौदाव्या दिवशी वाघोलीला गेला. संस्कृतीचा क्लास होता, ती आली नाही. सर्जेरावांच्या बंगल्याचा हॉल एवढा मोठा होता की समोरच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाला हाक मारावी लागे. साईनाथचे पाय धुतले, नवा पोशाख दिला, तेहतीस अनारशांचं तबक दिव्यासकट हातात ठेवलं. मग पुरणाचे धोंडे आणि त्यांवर तूप. सोजरबाई तूप वाढताना जावयाच्या 'पुरे'ला विचारत नसत. जेवणं उरकेपर्यंत तीन वाजले आणि भिशीची वीस माणसं सतरंजीवर बसली. मध्ये तांब्याचा तांब्या, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.

चिठ्ठी काढायची ती लहान पोरानं, म्हणजे लबाडी नको. मेव्हणा इंद्रजीत याची पाच वर्षांची मुलगी वैष्णवी दोन वर्षं हे काम करत होती आणि फ्रॉक सावरून पुढे आलीही होती. सर्जेरावांनी तिला हातानं थांबवलं.

"आज न्हाय बाय. आज धोंड्याचा म्हैना हाय. पयली चिठ्ठी जावईबापूंच्या हातनं."

वैष्णवीनं भोकाड पसरलं. बाकी सगळे हसले, जरा जास्तच हसले. इंद्रजीत म्हणाला, "काढा दाजी, तुमचा हात गोड हाय." कुणीतरी मोबाईल धरला, फोटोसाठी.

साईनाथनं निकिताकडे पाहिलं. ती सोजरबाईंच्या शेजारी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तोच हिशेब होता. पहिल्या वर्षाची फी. एक बांगडी. तिनं मानेनं 'काढा' म्हटलं.

त्यानं तांब्यात हात घातला.

तांब्या आतून गार होता. चिठ्ठ्या बोटांना लागल्या आणि ते चार सेकंद आले. तळहाताला घाम, कानात गरम, बाकी सगळा हॉल लांब गेलेला. वर्षानुवर्षं संडासात बसून जे विकत घेतलं होतं, तेच इथे सतरंजीवर, सासऱ्यांच्या खर्चानं, दिव्याच्या तबकासकट मिळत होतं. एक चिठ्ठी त्यानं पकडली, सोडली, दुसरी पकडली. ही नको, ती. ती नको, पहिलीच. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता खेळायला लागलेलो नाही. तीन आठवडे झाले, आपण खेळतोच आहोत.

त्यानं हात बाहेर काढला. हातात काही नव्हतं.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"मी नाही काढत, आण्णा. आणि माझं नावही यातून काढा."

"का वो? मानात काय कमी पडलं का?"

"मला जुगाराचं व्यसन आहे," साईनाथ म्हणाला. वाक्य सवयीचं असल्यामुळे ते गोलात म्हणतात तसंच बाहेर पडलं, आणि पाठोपाठ सवयीनं आकडा यायला लागला, तो त्यानं गिळला. "चौदा लाख घालवले. निकिताच्या बांगड्याही. डोळ्यांना काही झालेलं नाही."

वैष्णवीनं रडणं थांबवलं. फोटोसाठी धरलेला मोबाईल त्या माणसानं हळूच उलटा करून मांडीवर ठेवला. निकितानं खाली मान घातली. तिची बोटं पदराच्या काठावरून पुढे-मागे फिरत राहिली, आणि साईनाथला वाटलं की आता ती उठून आत जाईल, बॅग भरेल. मग आठवलं की बॅग कसबा पेठेत आहे आणि ती आधीच माहेरी आहे. काही करायला तिला उठायचीही गरज नव्हती.

पागोटं नीट केल्यासारखा सर्जेरावांनी मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्या सतरंजीवर पालथा केला. त्यांनी एक चिठ्ठी उघडून पुढे ठेवली. दुसरी उघडली. तिसरी. इंद्रजीत "आण्णा, ऱ्हाऊ द्या की," असं म्हणाला, पण ते थांबले नाहीत. वीसच्या वीस चिठ्ठ्या उघड्या पडल्या. प्रत्येकीवर एकच नाव होतं, साईनाथ. अक्षर शाळेतल्या पोराचं असावं तसं गोल, सोजरबाईंचं.

"समद्यांना इचारून केलंय," सर्जेराव म्हणाले. "धोंड्याच्या म्हैन्यात पयली उचल जावयाला द्यायची, असं ठरलं. तुम्हाला तेवढं सांगितलं न्हवतं. नशिबानं निघाली म्हनलं की मानूस खूश ऱ्हातो." त्यांनी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "आता ह्यात जुगार कुठं आला? जुगारात असं असतं का, समद्या चिठ्ठ्या आपल्याच?"

"असतं," साईनाथ म्हणाला. "पहिल्या डावाला असंच असतं."

कुणाला कळलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं. ॲपवर पहिल्यांदा रमी खेळला, तेव्हा तो सलग तीन डाव जिंकला होता. अक्कल होती म्हणून नव्हे. नवीन माणसाला जिंकून द्यायचं, हे त्यांचं ठरलेलं असावं, असं मॅडम म्हणतात. एकदा का आपला हात गोड आहे असं त्याला वाटलं, की पुढची तीन वर्षं तो स्वतः येतो, त्याला बोलवावं लागत नाही. तिथे त्याला वेलकम बोनस म्हणतात. आज लाख रुपये मिळाले असते, तर देवानंच कौल दिला असं समजून तो बेटावरच्या लिंकवर कधी गेला असता, हे त्याला सांगता येत नव्हतं. पण चातुर्मास संपायच्या आत नक्की.

एका चुलत सासऱ्यांनी विचारलं की मग पत्ते खेळताना फक्त टाइमपास म्हणून खेळलं तर? साईनाथ म्हणाला, नाही. आणि बैलगाड्याच्या शर्यतीत? नाही. "अवघड हाय मग," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून अवघड कुणाचं आहे ते नीट कळलं नाही. इंद्रजीत उठून गॅलरीत गेला. त्याची नवी गाडी महिनाभर दिसत नव्हती आणि ती सर्व्हिसिंगला आहे असं घरात सांगितलं जात होतं. गॅलरीतून तो परत आला, तांब्यात पाणी भरून प्यायला आणि त्यानं दाजींकडे न बघता शनिवारचं ते किती वाजता असतं म्हणून विचारलं. मित्रासाठी, असंही म्हणाला. साईनाथनं पाच वाजता म्हणून सांगितलं. मित्राचं नाव विचारलं नाही.

सोजरबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं गेलं. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

भिशीची पहिली उचल शेवटी वयानं सगळ्यांत थोर म्हणून एका आत्याबाईंना दिली आणि पुढे सगळ्यांना वयाप्रमाणे नंबर लावले. चिठ्ठ्या नाहीत म्हटल्यावर दोघा-तिघांना भिशीत राम वाटेना, त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. वैष्णवीची नोकरी गेली. तिला समजूत म्हणून दोन अनारसे दिले.

निघताना सर्जेराव फाटकापर्यंत आले. साईनाथला वाटलं, ते आता जे बोलायचं ते बोलतील. ते बोलले ते असं:

"वाण काय द्यावं, हेच कळंना झालंय. सोनं दिलं तर तुम्ही मोडनार. पैसं दिलं तर तुम्ही लावनार. धोंड्याच्या म्हैन्यात जावयाला रिकाम्या हातानं तर जाऊ देता येत न्हाय." त्यांनी मागे वळून गड्याला खूण केली. गड्यानं ज्वारीचं पोतं आणून ठेवलं. "हे न्या. हे फोनमधनं कुठं जात न्हाय."

दोन टॉवरच्या मधली ज्वारी होती. साईनाथ वाकून पाया पडला. सर्जेरावांनी पाय मागे घेतले, कारण धोंड्याच्या महिन्यात जावयानं पाया पडायचं नसतं. रीत ती रीत.

इंद्रजीतनं त्यांना दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीतून थांब्यावर सोडलं. मनपाची बस आली. कंडक्टरनं पोत्याकडे बघून लगेजचं तिकीट फाडलं आणि हे दारात नको, मध्ये घ्या, म्हणाला. पोतं मध्ये घेतलं तर पाय ठेवायला जागा उरली नाही. दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसले. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाईलवर टीम लावत होता. कॅप्टन कुणाला करावं यावर त्याचा अंगठा अडला होता. साईनाथला उत्तर माहीत होतं. त्यानं मान वळवून पोत्यावरची शिवण बघितली.

खराडीला निकितानं पदर सावरला.

"मला आधी सांगायचंत," ती मग म्हणाली. "वीस माणसांत नको होतं."

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून समजूत घातली असती. मला ती पटली असती."

बस सिग्नलला थांबली, सुटली.

"आज आईसमोर रडले," ती म्हणाली. "ती म्हणाली, मिरची नाही आज जेवणात, खरं काय ते सांग." तिनं खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला. काच सरकली नाही. "बरं वाटलं. पण म्हणून तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"किती दिवस झाले? दोनशे चौदा ना आज?"

साईनाथला हो म्हणता आलं असतं. हात रिकामा निघाला होता, चिठ्ठ्याही खोट्या होत्या, त्यामुळे हिशेबात काही बसलं नसतं. पुढच्या शनिवारी टाळ्या पुन्हा वाजल्या असत्या.

"आजचा धरून एक," तो म्हणाला. "आण्णांचा फोन आला तेव्हापासून मी ती चिठ्ठी रोज काढत होतो. दुकानात. मॅडमना सांगितलं नाही, तुलाही नाही."

निकितानं त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे ती सात महिने ज्या नजरेनं बघत होती, खिसे तपासणारी, ती नजर आताही होती. ती एवढ्यात जाणार नव्हती. तिनं काहीतरी मोजून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलले, आणि मग ती दमून मागे टेकली.

"एक," ती म्हणाली. "बरं. शनिवारी मीही येते. इंद्रजीतला एकट्यानं तो जिना चढणं जमायचं नाही." थोड्या वेळानं तिनं पायानं पोतं ढकललं. "हे जरा तिकडं घ्या ना. पाय आखडला माझा."

त्यानं पोतं आपल्याकडे ओढलं आणि मनपाचा थांबा येईपर्यंत दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं.